गिरणीचा पगार आणि गिरणीची जमीन

लालबागच्या उड्डाणपुलावरून परळकडे जाताना डाव्या हाताला पाहिलं की काचेचे टॉवर दिसतात आणि त्यांच्या मध्येच कुठेतरी गिरणीची एखादी जुनी चिमणी. माझे वडील अशाच एका चिमणीखाली साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, होते. त्यांच्या शेजारच्या साच्यांवर त्यांचे गाववाले होते, त्यांना आम्ही काका म्हणायचो. दोघे एकाच तालुक्यातून मुंबईत आले, एकाच पाळीला जायचे, आणि दोघांच्या पगारात दहा-वीस रुपयांचाही फरक नसायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांबाहेर आले. त्यांत हे दोघेही होते. दोघांनाही पुन्हा साच्यावर उभं राहायला मिळालं नाही.

आज चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला आहे आणि या दोन घरांची तुलनाही होऊ शकत नाही. कारण शोधायला गेलं तर एकच सापडतं. वडिलांकडे चाळीत पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्याने घेतलेली, दहा बाय बाराची खोली होती. काका गाळ्यात राहायचे, गावच्या वीस-पंचवीस जणांबरोबर, एक ट्रंक, एक वळकटी आणि जेवायला खानावळ. चाळ पुनर्विकासात गेली, आम्हाला त्याच जागी मालकीचं घर मिळालं. ते घर गहाण ठेवून धाकट्या भावाच्या इंजिनीअरिंगची फी भरली. काका संपानंतर गावी गेले आणि फंडाचे पैसे दोन वर्षांत संपले. त्यांचा मुलगा आज नालासोपाऱ्यात भाड्याने राहतो आणि एका एजन्सीमार्फत लोअर परळला सुरक्षारक्षकाची नोकरी करतो. ज्या आवारात नोकरी, तिथेच पूर्वी आमच्या वडिलांची गिरणी होती. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, बाबांनी जिथे साचे चालवले तिथे मी गाड्यांचे नंबर लिहितो."

दोघांचे कष्ट सारखे, पगार सारखा, नशिबी आलेला संपही एकच. फरक पडला तो खोलीमुळे. आर्थिक विषमतेबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा पगाराकडे बघतो, कुणाला किती पॅकेज मिळालं याची चर्चा करतो. मला वाटतं, निदान या शहरात तरी, विषमतेचं मूळ पगारात कमी आणि जमिनीत जास्त आहे. ते मूळ कसं वाढलं आणि त्यावर काय करता येईल, हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

मोजायचं कशात?

आधी मोजमापाचा गोंधळ दूर करायला हवा, कारण विषमतेवरची निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

जुलै २०२५ मध्ये एक बातमी खूप फिरली: भारत हा जगातल्या सर्वाधिक समानता असलेल्या देशांपैकी एक आहे. आधार होता जागतिक बँकेने २०२२-२३ या वर्षासाठी दिलेल्या गिनी निर्देशांकाचा, तो होता २५.५. कोरादो गिनी नावाच्या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हा निर्देशांक मांडला. कल्पना साधी आहे. पंगतीला शंभर माणसं बसली आहेत आणि भाकऱ्या शंभर आहेत. प्रत्येकाच्या पानात एकेक पडली तर निर्देशांक शून्य. सगळ्या भाकऱ्या एकाच्याच पानात गेल्या तर शंभर. म्हणजे २५.५ हा आकडा चांगलाच म्हणायचा.

पण इथे भाकरी म्हणून मोजला होता तो घरखर्च. समजा, एक घर महिन्याला १५ हजार रुपये कमावतं आणि सगळे खर्च करतं. दुसरं घर ५ लाख कमावतं आणि त्यातले दीड लाख खर्च करतं. खर्च पाहिला तर दोघांत दहापट अंतर. उत्पन्न पाहिलं तर तेहतीसपट. आणि दुसऱ्या घराचे उरलेले साडेतीन लाख दर महिन्याला फ्लॅटमध्ये, शेअरमध्ये, सोन्यात जाऊन बसतात. मालमत्तेतलं अंतर किती पट, हे सांगताच येणार नाही, कारण पहिल्या घरात साठवायला काही उरतच नाही. शिवाय सर्वेक्षण करणाऱ्या माणसाला चाळीत कुणीही पाणी देऊन खुर्चीवर बसवतं. टॉवरच्या फाटकावरून मात्र तो बऱ्याचदा परत जातो. त्यामुळे वरच्या थरातले लोक अशा पाहणीत नीट सापडत नाहीत.

दुसऱ्या मोजपट्टीने मोजलं तर चित्र पालटतं. थॉमस पिकेटी, लुकास शांसेल, नितीन कुमार भारती आणि अनमोल सोमंची या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्राप्तिकराची आकडेवारी, पाहण्या आणि अतिश्रीमंतांच्या याद्या एकत्र करून हिशेब मांडला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या सर्वांत वरच्या १ टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नापैकी २२.६ टक्के होतं आणि एकूण मालमत्तेपैकी ४०.१ टक्के. खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला उत्पन्नातले १५ टक्के आणि मालमत्तेतले ६.४ टक्के. त्यांच्या पद्धतीवर इतर अर्थतज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि असे हिशेब अंदाजाशिवाय होतही नाहीत. पण एक तुलना माझ्या मनातून जात नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे गिरणी संपाच्या सुमारास, या वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता.

इथेच एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो. गरिबी आणि विषमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, वाढ झाली, आणि कोट्यवधी लोक अत्यंत गरिबीतून वर आले. हे खरं आहे आणि ते मोलाचं आहे. काकांच्या मुलाच्या हातातही आज स्मार्टफोन आहे आणि दोन वेळच्या जेवणाची ददात नाही. पण त्याच काळात घर, चांगली शाळा आणि चांगला दवाखाना त्याच्यापासून लांब लांब गेले, कारण या गोष्टींची किंमत त्याच्या पगाराकडे बघून ठरत नाही. ती ठरते वरच्या थरातले लोक किती मोजू शकतात यावर.

कष्टाची बेरीज, मालमत्तेचा गुणाकार

पगार बेरजेने वाढतो. या वर्षी हजार, पुढच्या वर्षी आणखी दीड हजार. मालमत्ता गुणाकाराने वाढते. एक हिशेब करून बघू.

दोन शेजारी कारकून, दोघांचा पगार ३० हजार. एकाला वडिलांचं घर आहे. दुसरा १२ हजार भाडं भरतो. पहिल्याने तेच १२ हजार रुपये दर महिन्याला ८ टक्के व्याजावर २० वर्षं टाकले, तर त्याने घातलेली रक्कम होते २८ लाख ८० हजार आणि हातात येतात सुमारे ७० लाख. ४० लाखांहून अधिक रक्कम तो झोपलेला असतानाच तयार झाली. दुसऱ्यानेही तितकेच रुपये दिले, पण घरमालकाला. वीस वर्षांनी त्याच्याकडे भाडेपावत्या असतात, आणि तेव्हा त्याला परवडणारं भाडं विरारच्याही पुढे सरकलेलं असतं. एका पिढीत हे अंतर पडतं. पुढच्या पिढीत पहिल्याचा मुलगा ७० लाखांवरून सुरुवात करतो.

पैशाकडे पैसा जातो, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. त्यामागचं यंत्र हे आहे, आणि त्यात कुणी लबाडी केलेली असावी लागत नाही. म्हणूनच नुसते भ्रष्ट लोक पकडून विषमता कमी होणार नाही.

मुंबईत हा गुणाकार जास्तच वेगाने होतो. तीन बाजूंना पाणी, जमीन सहज वाढवता येत नाही, आणि एका जमिनीवर किती बांधकाम करायचं हे एफएसआयच्या (चटई क्षेत्र निर्देशांकाच्या) नियमाने ठरतं. त्यात जमिनीचा भाव वाढतो तो मालकाच्या मेहनतीने नाही. शेजारून मेट्रो जाते, पूल होतो, नवा रस्ता निघतो आणि भाव चढतो. तो पूल तुमच्या-माझ्या करातून बांधलेला असतो. काकांच्या मुलाने बिस्किटाच्या पुड्यावर भरलेला जीएसटीही त्यात आहे. भाव वाढल्याचा फायदा मात्र ज्याच्या नावावर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आहे त्याचा. उलट, भाव वाढला की भाडं वाढतं. म्हणजे भाडेकरू आपल्याच पैशांनी बांधलेल्या पुलामुळे आणखी लांब ढकलला जातो.

सहाशे एकर

आता गिरण्यांच्या जमिनीकडे येतो. विषमता आपोआप वाढत नाही, नियमांनी वाढते, हे मला याच प्रकरणात सर्वांत स्वच्छ दिसतं.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी उभारण्याचं काम हाती घेतलं. पुढच्या काही दशकांत भायखळ्यापासून वरळीपर्यंत गिरणगाव वसलं. गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा या शहराच्या पोटात जवळपास ६०० एकर जमीन मोकळी होणार, हे दिसू लागलं. मुंबईसारख्या ठिकाणी अशी संधी शतकातून एकदा येते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी नियम ५८ आला. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा: गिरणीमालकाने जमीन विकसित करायला काढली तर तिचे तीन भाग करायचे. एक भाग महापालिकेला बागा, मैदानं अशा मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, आणि एक मालकाला. मालकाचं नुकसान होत नव्हतं, कारण त्याच्या भागाची किंमतही प्रचंड होती. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली आणि तिने सगळ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्र विचार करायला सांगितलं. एकेक गिरणी सुटी काढली की एकेक तुकडा हाती लागतो. सगळ्या एकत्र घेतल्या तर रस्ते, मैदानं, शाळा, घरं यांची नीट आखणी करता येते.

मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेची, असं ठरलं. गिरणी म्हणजे शेड, गोदामं, खाती. बहुतेक जमीन बांधकामाखालीच असते. त्यामुळे दोन तृतीयांशाचा सार्वजनिक वाटा आकसून थोड्याशा तुकड्यांवर आला. प्रकरण न्यायालयात गेलं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती टिकली.

शहराची सर्वांत मोलाची जमीन कुणाकडे जाणार, हे अशा रीतीने एका दुरुस्तीतून ठरलं. त्या दिवशी कुणाच्या घरातून काही चोरीला गेलं नाही. पण जी मैदानं झाली असती ती झाली नाहीत आणि जी घरं झाली असती ती झाली नाहीत. कामगारांना घरं द्यायची तरतूद होती, म्हाडाने २०१२ पासून त्यासाठी सोडती काढल्या, पण अर्ज दीड लाखांहून अधिक आणि घरं काही हजारांत. गिरणगावात जागा उरली नाही म्हणून पुढे मुंबईपासून लांबच्या शेलू, वांगणीची नावं निघाली. ज्यांनी लालबाग-परळमध्ये आयुष्य काढलं त्यांना वांगणीला घर घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले. मला त्यांचा राग पूर्णपणे पटतो.

धोट्यातला दोरा

वडील आणि काका यांचं उदाहरण देताना मी एक गोष्ट गृहीत धरली होती: दोघांना साचेखात्यात प्रवेश मिळाला. तो सगळ्यांना मिळत नसे.

साच्यावर कापड विणताना धोट्यातली, म्हणजे आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी साधनातली, सुताची कांडी संपली की नवी कांडी घालून दोऱ्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून सवर्ण कामगार दलितांना साचेखात्यात येऊ देत नसत. आणि साचेखात्यातली मजुरी चांगली होती. दलित कामगार सूत कातण्याच्या रिंग खात्यात आणि कमी पैशांच्या कामांवर अडकून राहिले. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहिलेले होते, कामगारांचं जगणं त्यांनी आतून पाहिलं होतं.

आता शंभर वर्षांपूर्वीची ती मजुरी आणि वरचा गुणाकाराचा हिशेब एकत्र करून बघा. ज्या घराला १९२८ मध्ये चांगल्या खात्यात जाऊ दिलं नाही, त्या घराला १९४८ मध्ये खोली घेता आली नाही आणि १९९८ मध्ये पुनर्विकासातलं घर मिळालं नाही. भेदभाव थांबला तरी त्याचं व्याज चालूच राहतं. आरक्षणाची गरज आता कशाला, असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

बायकांचंही तसंच. खानावळ चालवणाऱ्या बाईने पन्नास गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घातलं, त्यावर गिरणी चालली, पण तिचं काम उद्योगाच्या कुठल्याच हिशेबात आलं नाही. आजही २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांपैकी ४१.७ टक्केच काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांत मोजल्या गेल्या. बाकीच्या घरात बसून आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी एका दिवसाचा पाणी भरण्यापासूनचा क्रम लिहून काढावा. घर, जमीन नावावर असण्याचा प्रश्न आला की त्या आणखी मागे पडतात. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. गोष्ट छोटी आहे, पण योग्य जागी आहे, कारण ती मालकीला हात घालते.

कराचा भार कुणावर?

करांचा भाग थोडक्यात सांगतो. आपल्याकडे वारसा मिळालेल्या संपत्तीवर १९५३ पासून कर होता, तो १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर १९५७ ला आला आणि २०१५ मध्ये रद्द झाला. इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांवरचा मूळ कर २०१९ मध्ये ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला. शेअर वर्षभर ठेवून विकले तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, तर मोठ्या पगारावर वरच्या टप्प्यात ३० टक्के. म्हणजे राबून मिळवलेल्या रुपयावर जास्त कर आणि ठेवून वाढलेल्या रुपयावर कमी. जीएसटी तर टॉवरमधला माणूस आणि नाक्यावरचा मजूर दोघांना एकाच दराने लागतो, आणि मजुराचं सगळं उत्पन्न खर्चात जात असल्याने त्याला तो जास्त जाणवतो.

मग श्रीमंतांवर वाटेल तितका कर लावावा का? तसंही झालेलं आहे. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात उरणार असतील तर माणूस शंभर दाखवेल कशाला? तसाच भाडेनियंत्रण कायदा. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली. आमच्या घराला त्याचा फायदा झाला, तो कायदा नसता तर संपाच्या काळात आम्ही ती खोली राखू शकलो नसतो. पण गोठलेल्या भाड्यात मालकाने चाळीची डागडुजी केली नाही, भाड्याने द्यायला कुणी नवी घरं बांधली नाहीत, आणि नव्याने आलेल्या माणसासमोर पागडीची भिंत उभी राहिली. आत असलेल्याला छत्र मिळालं आणि बाहेरच्याला दार बंद. काका बाहेर राहिले ते असे. हेतू चांगला आहे एवढ्यावर धोरण चांगलं ठरत नाही, हे मी आमच्याच खोलीवरून शिकलो.

माथाडीचा धडा

उपायांची चर्चा सुरू झाली की लगेच परदेशातली उदाहरणं येतात. पण दोन फार चांगले उपाय इथेच जन्मले आहेत.

पहिला १९६९ चा माथाडी कायदा. मुंबईच्या बाजारपेठेत, मशीद बंदरला, लोखंड बाजारात पाठीवर ओझी वाहणारा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवायचा, दुपारी दुसऱ्याचा. मालक कोण, हेच ठरत नव्हतं. मग फंड कोण भरणार, रजा कोण देणार, पाठ मोडली तर कोण बघणार? अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांची संघटना बांधली आणि त्यातून हा कायदा आला. मंडळ स्थापन झालं, त्यात व्यापारीही नोंदवले गेले आणि हमालांच्या टोळ्याही. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराला महिन्याला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार बघणार. मालक दिवसातून चार वेळा बदलला तरी हक्क कामगाराबरोबरच राहतात. १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही असाच कायदा झाला. आजही मंडळाचा रक्षक आणि काकांच्या मुलासारखा खाजगी एजन्सीचा रक्षक यांच्या पगारपत्रकात मोठा फरक असतो, काम मात्र तेच.

आता खांद्यावर चौकोनी पिशवी लावून जिने चढणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांकडे बघा. मालक कोण? अ‍ॅप म्हणतं, आम्ही फक्त जोडून देतो. प्रश्न अगदी १९६९ चाच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायची तरतूद आहे, आणि तिला कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. राजस्थानने त्याआधीच २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला. ज्या राज्याने पन्नास वर्षांहून आधी हमालाला फंड मिळवून दिला, त्याने या बाबतीत सर्वांत पुढे असायला हवं होतं.

बाकीचे उपाय माहितीचेच आहेत, आणि ते पगारात न दिसणाऱ्या पगारासारखे असतात. परळचं केईएम १९२६ पासून उभं आहे. तिथे झालेली एक शस्त्रक्रिया एखाद्या घराचं कर्ज वाचवते. महापालिकेने सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या तेव्हा प्रवेशासाठी सोडत काढावी लागली, म्हणजे सरकारी शाळा लोकांना नको आहे असं मुळीच नाही, चांगली हवी आहे. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं. रोज जाऊन-येऊन दोन तिकिटं काढणाऱ्या घरकामाच्या बाईला महिन्याच्या २६ दिवसांचे २६० रुपये जास्त लागू लागले, तिच्यासाठी ही एक छोटी पगारकपातच आहे. लाडकी बहीणचे दीड हजार तिच्या खात्यात येतात, त्याने नवऱ्यासमोर हात पसरावा लागत नाही हे मी वस्तीत पाहिलं आहे आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण दीड हजारात शाळा सुधारत नाही, बस वाढत नाही. रोख रक्कम आणि सार्वजनिक सेवा या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

जमिनीच्या बाबतीत काय करायचं तेही स्पष्ट आहे. मेट्रोमुळे भाव वाढला तर त्या वाढीचा ठरावीक हिस्सा शहराने परत घ्यायचा आणि त्यातून भाड्याची परवडणारी घरं बांधायची, विकायची नाहीत. मालमत्ता करात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून माफी आहे. आता दुसऱ्या टोकाला, कुलूपबंद ठेवलेल्या तिसऱ्या-चौथ्या फ्लॅटवर जास्त दर लावायला काय हरकत आहे? आणि यापुढे सार्वजनिक जमीन विकासाला निघेल, मग ती बंदराची असो की झोपडपट्टीची, तेव्हा १९९१ चा तीन भागांचा नियम आठवावा आणि त्यात मागाहून दुरुस्ती करू देऊ नये.

दुसरा उपाय शेवटी ठेवला, कारण तो प्रत्येक नोकरदाराच्या पगारपत्रकात आहे. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. मागेल त्याला काम, हा कायदेशीर हक्क करणारा कायदा १९७७ मध्ये झाला, आणि देशाने त्यावरून २००५ मध्ये धडा घेतला. या योजनेला पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने भरायचं, सरकारने तेवढीच भर घालायची, आणि त्यातून गावातल्या मजुराला काम द्यायचं. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयांनी माणदेशात बांध घातले गेले, रस्ते झाले. संपानंतर काका गावी गेले तेव्हा काकू दोन उन्हाळे याच कामावर खडी फोडत होत्या. तो पैसा काही अंशी परळ-लालबागच्याच नोकरदारांनी भरलेला होता.

राज्यघटनेने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून ती वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० केली, आणि तिथेच ती थांबली. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना १० हजारांच्या वर गेला की दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. काकांच्या मुलाच्या पगारातून वर्षाला २,५०० रुपये जातात. तो ज्या गाड्यांचे नंबर लिहितो, त्यांतून उतरून लिफ्टने वर जाणाऱ्या, महिन्याला १५ लाख मिळवणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातूनही वर्षाला २,५०० रुपयेच जातात. ही मर्यादा संसदेने वाढवावी आणि राज्याने वरच्या पगारांसाठी वेगळे टप्पे करावेत.